आटे कापलेले की लाटलेले?

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच एक जॉब केलेला आहे. एमएसच्या सळईचा तुकडा घ्यायचा, फेसिंग करायचे, टर्निंग करायचे, चॅम्फर काढायचा आणि एका टोकाला आटे पाडायचे. नट फिरला की जॉब पास. नट फिरला नाही तर पुन्हा एकदा डाय मारायची, नाहीतर पलीकडच्या बॅचमधल्या मित्राकडून फिरणारा नट पैदा करायचा! एकदा सबमिशन झाले की तो बोल्ट हॉस्टेलच्या खिडकीत पेपरवेट होऊन बसतो. पण डोक्यात मात्र दोन समजुती कायमच्या राहतात. एक म्हणजे, आटे हे कापूनच काढायचे असतात. आणि दुसरी, नट फिरला म्हणजे आटे चांगले.

मित्रांनो, या दोन्ही समजुती घेऊन आपण उद्या इंजिनियर म्हणून बाहेर पडणार असू, तर कोणाचे तरी नुकसान करणार आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात मिळणारे बहुतेक प्रमाणित बोल्ट कापलेले नसतातच, ते लाटलेले असतात. म्हणजे थ्रेड रोलिंगने केलेले. आणि नट फिरणे ही फक्त मापाची परीक्षा आहे, टिकाऊपणाची नव्हे. गोलाई, पिच, उंची जमली की नट फिरतो. तो बोल्ट दहा लाख हिसके सोसेल की दहा हजारांतच राम म्हणेल, हे नट सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, "एवढ्याशा बोल्टवर काय लेख लिहायचा? लिहायचंच तर नॅनो टेक्नॉलॉजीवर लिही, रोबोटिक्सवर लिही!" त्यासाठी मला आमच्या गावाकडे जावे लागेल.

बुरोंडीच्या बंदरात

मी बुरोंडीचा. दापोली तालुक्यातले गाव. आपल्या कॉलेजातल्या बऱ्याच जणांना बुरोंडी म्हणजे टेकडीवर पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुराम एवढेच माहीत असते. लाडघरच्या ट्रिपला येतात, परशुरामाच्या पायाशी ग्रुप फोटो काढतात आणि परत जातात. पण खाली बंदर आहे, बंदरात बोटी आहेत आणि गावातली कितीतरी घरे त्या बोटींवर चालतात.

पावसाळ्यात, जून-जुलैत, मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि याच काळात दुरुस्तीची सगळी कामे निघतात. इंजिन उघडायचे, शाफ्ट बघायचा, कपलिंग खोलायचे. उघडताना जुने बोल्ट गंजून बसलेले असतात. कोणाचे आटे गेलेले, कोणाचे डोके पान्याने गोल झालेले, कोणी पिरगळून मधेच तुटलेला. मग नवा बोल्ट किंवा स्टड हवा. हार्डवेअरच्या दुकानात गेले तर दुकानदार विचारतो, "किती सूत?" चार सूत म्हणजे अर्धा इंच. त्याच्याकडे अर्धा इंची विथवर्थ आणि एम १२ शेजारशेजारच्या डब्यात असतात आणि पुष्कळदा वजनावर विकले जातात. जे माप मिळत नाही ते लेथवाल्याकडून करून घेतात. तो सळई कापतो, लेथवर आटे काढतो, आपल्यासमोर नट फिरवून दाखवतो. काम फर्स्ट क्लास! पैसे देऊन आपण मोकळे.

यात कोणाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. उलट गावाकडच्या टर्नरचा हात असा असतो की आपल्यापैकी टॉपर मंडळींनीही त्याच्या शेजारी उभे राहून शिकावे. जुना, अर्धा तुटलेला बोल्ट बघून तो पिच ओळखतो. प्रश्न त्याच्या हाताचा नाहीच. प्रश्न हा आहे की त्या बोल्टच्या नशिबी काय आहे ते त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि ज्यांना ते कॉलेजात शिकवलेले असते, म्हणजे तुम्हाआम्हाला, ते परीक्षा झाली की विसरून जातात.

बोटीवर बोल्ट कुठे कुठे असतो ते बघा. इंजिन ज्या पायावर बसते तिथे. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमध्ये. आणि इंजिनच्या पोटात, कनेक्टिंग रॉडचे दोन भाग धरून ठेवायला. इंजिन १५०० आरपीएमवर चालते असे धरले तर कनेक्टिंग रॉडच्या बोल्टला तासाला ९० हजार हिसके बसतात. म्हणजे अकरा-साडेअकरा तासांत दहा लाख! आपण एसओएमच्या वहीत एस-एन कर्व्ह काढतो आणि दहा लाखांपाशी पेन्सिल आडवी करतो, तो आकडा बोटीच्या एकाच फेरीत संपतो. त्यानंतर तो बोल्ट तुटला तर रॉड सुटतो आणि क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर आपण कडेला लावतो, चहा पितो, मेकॅनिकला फोन करतो. ऑगस्टच्या उधाणात, किनारा दिसेनासा झालेला असताना इंजिन बंद पडले तर बोटीला कडेला लावायला जागा नसते. तांडेल आणि खलाशी मिळून पाच-सहा जण त्या एका बोल्टच्या भरवशावर असतात.

कापणे आणि लाटणे

आता दोन पद्धतींत फरक काय तो बघू. कापण्याच्या पद्धतीत १६ मिमी सळई घेऊन टूलने किंवा डायने खाच काढत जातात, खाचेतले लोखंड कीस होऊन खाली पडते. रोलिंगमध्ये कीस पडतच नाही. एम १६ साठी साधारण पिच डायमीटरइतका, म्हणजे १४.७ मिमीच्या आसपासचा गोल तुकडा घेतात आणि तो कडक पोलादाच्या दोन सपाट डायमध्ये किंवा दोन-तीन गोल रोलरमध्ये दाबून फिरवतात. डायचे दात लोखंडात रुततात. खाचेतले लोखंड बाजूला सरकते आणि वर येऊन आट्याचा माथा तयार होतो. मूळ तुकडाच बारीक असल्याने आट्यांच्या लांबीत जवळजवळ १५ टक्के लोखंड वाचते आणि काम काही सेकंदांत होते. कारखानदारांना रोलिंग आवडते ते अर्थातच या दोन कारणांसाठी. पण बोल्ट वापरणाऱ्याचा फायदा वेगळा आहे आणि तोच महत्त्वाचा.

पहिली गोष्ट दाण्यांची. ओढून काढलेल्या सळईत धातूचे तंतू लांबीच्या दिशेने गेलेले असतात. टूलने खाच पाडली की ते तंतू प्रत्येक आट्याशी तुटतात. रोलिंगमध्ये ते तुटत नाहीत, आट्याच्या आकाराबरोबर वळतात. आमच्याकडे लाकडी होडी बांधणारे सुतार हे फार आधीपासून जाणतात. होडीच्या बरगडीसाठी ते सरळ फळीतून वाकडा तुकडा कापत नाहीत, मुळातच वाकडे वाढलेले लाकूड शोधतात. का? कारण कापलेल्या वाकड्या तुकड्यात तंतू आडवा जातो आणि तिथेच तो फुटतो. तेच शहाणपण पोलादालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट तळाची. आट्यांवर भार आला की सगळ्यात जास्त ताण साठतो तो खाचेच्या तळाशी. टूलने कापलेल्या तळाशी टूलचे बारीक ओरखडे असतात, आणि तेही नेमके ताणाच्या दिशेला आडवे! टूलचे टोक झिजलेले किंवा फार अणकुचीदार असेल तर तळ आणखी वाईट निघतो. फटिगची चीर सुरू व्हायला यापेक्षा चांगली जागा कुठली? रोलिंगचा तळ दाबून घासलेला असल्याने गुळगुळीत असतो आणि त्याला नीट गोलाई मिळते. विमानांसाठी जे एमजे आटे वापरतात त्यात तर तळाची किमान गोलाई पिचच्या सुमारे ०.१५ पट असलीच पाहिजे असा नियम आहे. तळ किती महत्त्वाचा, हे यावरून कळावे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. थंड अवस्थेत दाबल्याने तळाचा थर कडक तर होतोच, शिवाय त्यात दाबाचा ताण शिल्लक राहतो. रेसिड्युअल कम्प्रेसिव्ह स्ट्रेस म्हणतात तो हाच. मेसला आपण आधीच डिपॉझिट भरून ठेवतो ना, तसे समजा. बाहेरून खेचणारा ताण आला की आधी हे डिपॉझिट वळते होते, मग उरलेला ताण बोल्टच्या अंगावर येतो. चीर ही खेचणाऱ्या ताणानेच उघडते. म्हणून तिला सुरू व्हायला उशीर लागतो.

आकडा हवा असेल तर शिग्लेचे मशीन डिझाइनचे पुस्तक लायब्ररीत आहेच. त्यातल्या बोल्टच्या फटिगच्या तक्त्यात ६.६ ते १०.९ वर्गाच्या बोल्टसाठी केएफ, म्हणजे फटिगमध्ये खाचेमुळे ताण कितीपट धरायचा तो आकडा, रोल्ड आट्यांना ३.० आणि कापलेल्या आट्यांना ३.८ दिला आहे. कमी ताकदीच्या वर्गांसाठी २.२ आणि २.८. म्हणजे धातू तोच, माप तेच, नट दोन्हीवर सारखाच फिरतो, आणि कापलेल्या आट्याच्या तळाशी ताण जवळजवळ पाव हिश्श्याने जास्त! फटिगमध्ये ताण थोडा वाढला तरी आयुष्य कितीतरी पटींनी घटते, हे एस-एन कर्व्हचा उतार बघितला की लक्षात येईल.

त्याच पुस्तकात बोल्ट कुठे तुटतात तेही दिले आहे. फटिगने तुटलेल्या शंभर बोल्टांपैकी साधारण ६५ नटच्या तोंडाशी, पहिल्या आट्यापाशी तुटतात. २० जिथे आटे संपतात तिथे आणि १५ डोक्याखाली. म्हणजे शंभरातले ८५ आट्यांमध्येच! नटमध्ये आठ आटे अडकले असले तरी भार सारखा वाटला जात नाही, पहिला आटाच त्याचा जवळजवळ एक तृतीयांश उचलतो. घरात जसा मोठा मुलगा उचलतो, तसे.

पण रोलिंग म्हणजे जादू नव्हे

एवढे वाचून कोणी लगेच "लेथ बंद करा" अशी घोषणा देईल, तर थांबा. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

एक तर, स्थिर भाराखाली फरक फार थोडा असतो. गेटची बिजागरी, पंख्याचा हूक, हॉस्टेलची कॉट अशा ठिकाणी कापलेला आटा उत्तम चालतो. (कॉटचे बोल्ट आपल्याकडे वेगळ्या कारणाने पडतात, ते इथे सांगत नाही!) दुसरे, बीड रोल करता येत नाही, ते दाबले की सरकत नाही, फुटते. नटच्या आतले आटेही बहुधा टॅपने कापलेलेच असतात. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत दाबून आटे पाडणारे टॅप मिळतात ते वेगळे. तिसरे, एखाद-दुसरा खास मापाचा स्टड हवा असेल तर त्यासाठी रोलिंगची डाय बनवणे परवडणारे नाही. तिथे लेथच पाहिजे.

चौथे, रोलिंगही वाईट होऊ शकते. तुकडा जाड घेतला किंवा दाब जास्त दिला तर लोखंड दुमडून आट्यात घडी राहते आणि ती घडी म्हणजे तयार चीरच. पाचवा मुद्दा तर व्हायव्हाला विचारण्यासारखा आहे. आटे आधी रोल केले आणि नंतर बोल्ट हीट ट्रीटमेंटला टाकला, तर भट्टीत ते साठलेले डिपॉझिट निघून जाते. गुळगुळीतपणा राहतो, गोलाई राहते, दाबाचा ताण राहत नाही. म्हणून जिथे फटिगची खरी भीती असते तिथे हीट ट्रीटमेंट आधी आणि रोलिंग नंतर करतात. त्यात डाय लवकर झिजतात आणि बोल्ट महाग पडतो. साधे ८.८ चे बोल्ट बहुधा आधी रोल करून मग हीट ट्रीट केलेले असतात. तेव्हा "रोल्ड आहे" एवढे ऐकून भागत नाही, "कधी रोल केला?" हेही विचारावे लागते.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे पद्धतीच्या आधी धातू येतो. एम १२ बोल्टचे ताण घेणारे क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिमी असते. ८.८ वर्गाचा बोल्ट (म्हणजे ८०० एमपीए ताकद आणि त्याच्या ०.८ पट, ६४० एमपीए, यील्ड) सुमारे ६७ किलोन्यूटनला तुटतो. साध्या एमएस सळईतून कापलेला बोल्ट, ४१० एमपीए धरले तर, साडेचौतीसलाच. निम्मा! तेव्हा ८.८ काढून त्या जागी एमएसचा स्टड घालणे म्हणजे आधी ताकद अर्धी करायची आणि वर खाचही वाईट द्यायची. दुखण्यात दुखणे!

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक पाहुणा असतो, खारी हवा. गंजाने पडलेला प्रत्येक खड्डा ही नवी खाच असते आणि रोलिंगने दिलेला तो दाबाचा थर मिलिमीटरच्या अंशाइतकाच खोल असतो. गंजाने तो खाल्ला की संपले. खाऱ्या पाण्यात पोलादाला एंड्युरन्स लिमिट असे काही उरतच नाही, कितीही कमी ताण असला तरी फेऱ्या वाढल्या की एक दिवस तुटणारच. यावर गावात दोन उपाय ऐकू येतात. पहिला, "स्टेनलेस टाका, भारी असतं." गंजापुरते ठीक आहे, आणि त्यातही समुद्राजवळ ३०४ पेक्षा ३१६ बरे. पण स्टेनलेसच्या ए२-७० किंवा ए४-७० बोल्टचे यील्ड ४५० एमपीए असते, ८.८ चे ६४०. ताकदीच्या जागी अदलाबदल करायची तर हिशोब करूनच करावी. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटून बसतात, लावताना वंगण हवेच. दुसरा उपाय, "मग सगळ्यात हार्ड १२.९ चा टाका." तोही इथे धोक्याचा. इतक्या कडक बोल्टला गंजात किंवा प्लेटिंग करताना हायड्रोजन लागला तर तो काही सूचना न देता कडकन मोडतो. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा माणसाला शोभत असेल, बोल्टाला शोभत नाही!

दिसतं तसं नसतं

सारख्या दिसणाऱ्या बोल्टांनी काय होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनला निघाले. साधारण १७ हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच निघून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. काच त्या उड्डाणाच्या थोडे आधीच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक व्यासाचे होते. जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून नवे घेतले होते, कॅटलॉगमध्ये नंबर पाहिला नव्हता. तिथे चूक मापाची होती, आट्यांच्या पद्धतीची नव्हती. पण "जुन्यासारखाच दिसतो ना, मग झालं!" हे वाक्य बर्मिंगहॅमचे आणि आपल्याकडचे एकच आहे.

दुसरे उदाहरण फटिगचेच. १७ ऑगस्ट २००९ रोजी सायबेरियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात टर्बाइनचे कव्हर उडाले, मशीन हॉल पाण्याने भरला आणि ७५ माणसे गेली. कव्हर धरून ठेवणारे जाडजूड स्टड दीर्घकाळच्या कंपनांनी फटिग होऊन आतून चिरत आले होते. आपल्या जिल्ह्यातच पोफळीला कोयनेचे वीजघर आहे, त्यामुळे टर्बाइन म्हणजे काय चीज आहे हे आपल्यातल्या अनेकांनी व्हिजिटला जाऊन पाहिले आहे. मनगटाएवढा जाड स्टडही शेवटी बोल्टच आहे. तो बाहेरून शाबूत दिसत असताना आतून तुटत असतो आणि तपासल्याशिवाय कळत नाही. जिथे कंपन आहे तिथे बोल्ट ही कायमची वस्तू नाही, ती झिजणारी वस्तू आहे, एवढे जरी यातून घेतले तरी पुष्कळ झाले.

मग करायचे काय?

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून चार सूचना करतो. सरांनी आणि मित्रांनी दोघांनीही विचार करावा.

पहिली सूचना वर्कशॉपसाठी. लेथवर आटे काढण्याचा जॉब राहू द्या, तो हात बसवतो. पण त्याला एका दुपारचे प्रॅक्टिकल जोडा. बाजारातून त्याच मापाचा ४.८ वर्गाचा रोल्ड बोल्ट आणायचा. तो आणि आपला जॉब, दोन्ही उभे चिरायचे, पॉलिश करायचे, नायटल लावून मेटलर्जी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवायचे. एकात दाणे खाचेशी तुटलेले दिसतील, दुसऱ्यात तळाशी दबून वळलेले. (८.८ चा घेऊ नका, हीट ट्रीटमेंटमध्ये त्याचे दाणे नव्याने तयार झालेले असतात.) एकदा हे डोळ्यांनी पाहिले की पाच मार्कांचा प्रश्न पाठ करावा लागणार नाही. शक्य असेल तर एकाच सळईतून दोन्ही पद्धतींचे नमुने करून यूटीएमवर ओढायचे, ते साधारण सारख्याच भाराला तुटतील. आणि मग फटिग मशीनवर लावायचे. "ओढून पाहिला, चांगला आहे" हे वाक्य किती फसवे आहे ते तिथे कळेल. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत फिरणाऱ्यांनो, हा घ्या तयार विषय!

दुसरी सूचना ड्रॉइंगबद्दल. आपण 'एम १६ x ६०' लिहितो आणि पुढच्या शीटकडे वळतो. वर्ग लिहिल्याशिवाय बोल्टचे नाव पूर्ण होत नाही. आयएस १३६७ मध्ये हे वर्ग दिलेले आहेत आणि ८.८ व त्यावरच्या बोल्टच्या डोक्यावर वर्गाचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण असावी लागते. डोके कोरे असेल तर तो ८.८ समजू नये, दुकानदार शपथेवर सांगत असला तरी! आणि जिथे कंपन आहे तिथे 'आटे रोल केलेले' ही तीन शब्दांची सूचना ड्रॉइंगवर लिहायला शाई फार लागत नाही.

तिसरी सूचना ज्यांना लेथवरच स्टड करावा लागतो त्यांच्यासाठी. कोकणातल्या प्रत्येक गावात रोलिंग मशीन येणार नाही आणि येण्याची गरजही नाही. शक्यतो खूण असलेला, योग्य लांबीचा तयार बोल्टच घ्यावा. तालुक्याला नाही मिळाला तर मुंबईच्या नागदेवीला मिळतो, एसटीने येतो. बंदीच्या दोन महिन्यांत तेवढा वेळ नक्की असतो. आणि करावाच लागला तर एमएस न घेता ईएन ८ किंवा ईएन २४ सारखे पोलाद योग्य हीट ट्रीटमेंट करून घ्यावे. टूलचे टोक अणकुचीदार न ठेवता त्याला पिचनुसार गोलाई द्यावी. शेवटचे कट अगदी हलके आणि तेल सोडून घ्यावेत. आटे जिथे संपतात तिथे उभी धार न ठेवता गोलसर उतार ठेवावा. एवढे केले तरी कापलेला स्टड पुष्कळ सुधारतो. पण कनेक्टिंग रॉडचा बोल्ट मात्र लेथवर करू नये, तो इंजिन कंपनीचाच घ्यावा. त्यात तडजोड नाही.

चौथी गोष्ट आवळण्याची. उत्तम रोल्ड बोल्ट सैल लावला तर तो कापलेल्या बोल्टाच्याही आधी तुटेल. नीट आवळलेल्या जोडात बाहेरच्या हिसक्यातला थोडाच भाग बोल्टपर्यंत पोचतो, सैल जोडात जवळजवळ सगळा. "हाताला कळतं" असे जुने मेकॅनिक म्हणतात आणि त्यांच्या हाताला खरोखरच कळत असेल, पण टॉर्क रेंच सगळ्यांच्या हाताला सारखेच सांगतो. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, तो पाळावा. एकदा ताणलेला जुना बोल्ट चकचकीत करून परत लावू नये.

"हे सगळं खर्चाचं काम आहे," असे बोटवाले म्हणतील आणि त्यात खोटे काही नाही. डिझेल महाग, मासळी बेभरवशाची. पण आपण हिशोब बोल्टच्या किमतीचा करतो, बोल्ट धरून ठेवतो त्या वस्तूच्या किमतीचा करत नाही. संपूर्ण इंजिनच्या तुलनेत त्यातल्या चांगल्या बोल्टांचा खर्च नगण्य असतो. बुडालेल्या फेरीच्या तुलनेतही तो कमीच. आणि माणसांच्या तुलनेत तर हिशोबच नको.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या हॉस्टेलमध्ये हर्णैचे, दाभोळचे, गुहागरचे, जयगडचे मिळून किनाऱ्यावरचे बरेच जण आहेत. येत्या जूनमध्ये सुट्टीला घरी जाताना आपण एक पानाचा मराठी तक्ता छापून नेऊ या. बोल्टच्या डोक्यावरच्या खुणांचा अर्थ, कुठे कोणता वर्ग, कुठे लेथचा चालेल आणि कुठे मुळीच चालणार नाही, एवढेच. मेकॅनिकलच्या सरांनी तो तपासून द्यावा आणि आपण तो गावातल्या वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवावा. टर्नरदादांशी बसून बोलावे, त्यांचेही ऐकावे. त्यांच्याकडून आपल्याला कळेल की प्रत्यक्षात बोल्ट कुठे कुठे तुटून येतात आणि त्यांना आपल्याकडून कळेल की ते तिथेच का तुटतात. या देवाणघेवाणीला युनिव्हर्सिटी मार्क देणार नाही. पण नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात उतरतील तेव्हा त्यातल्या चार बोटींत तरी योग्य बोल्ट असतील. माझ्या मते इंजिनियरिंगला ॲडमिशन घेतल्याचे तेवढे सार्थक पुरेसे आहे.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल